राष्ट्राचें उत्पन्न कसें मोजतात?

दर तीन महिन्यांनीं वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक टायपांत छापून येतो. देशाचें उत्पादन अमुक टक्क्यांनीं वाढलें, शेतीची वाढ तमुक टक्के झाली, असें त्यांत लिहिलेलें असतें. संघाच्या कांहीं सभासदांनीं आम्हांस विचारलें कीं, आमच्या बांधावर तर कोणी वजनकांटा घेऊन आला नाहीं, मग आमच्या शेतीची वाढ यांस कळली कशी? प्रश्न रास्त आहे. आमच्या नोकरीचीं सारीं वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत गेलीं असल्यामुळें या आकड्याच्या मुळाशीं कोणत्या वह्या असतात हें आम्हांस जवळून पाहावयास मिळालें आहे. शेतीपुरतें बोलावयाचें तर तें मूळ दिल्लीच्या कचेरींत नसून चावडीच्या दप्तरांत आणि शेतांतील एका लहानशा चौकोनांत आहे. तो चौकोन नीट आंखला गेला नाहीं तर दिल्लीचा आकडाही वांकडा होतो, आणि त्याच चौकोनावर पुढें शेतकऱ्याची नुकसानभरपाईही ठरते. म्हणून हा विषय आमच्या वाचकांनीं समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. देशाच्या सीमेच्या आंत एका वर्षांत जो माल निपजला व ज्या सेवा घडल्या, त्यांच्या किमतीची, कोणतीही वस्तु दोनदां न धरतां केलेली बेरीज म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यासच जी.डी.पी. म्हणतात. त्यांतून यंत्रें, इमारती इत्यादिकांची वर्षभराची झीज, म्हणजे घसारा, वजा केला आणि परदेशांतून येणारें व परदेशीं जाणारें उत्पन्न यांचा मेळ घातला म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न निघतें. व्याख्या सोपी दिसते. परंतु 'दोनदां न धरतां' या शब्दांत सारी मेख आहे.

समजा, एका शेतकऱ्यानें ७,००० रुपयांचा कापूस विकला. जिनवाल्यानें त्यांतील रुई ८,००० रुपयांस विकली. सरकीचा हिशेब आपण सोयीसाठीं बाजूस ठेवूं. गिरणीनें त्या रुईचें सूत काढून तें ११,००० रुपयांस दिलें, आणि विणकरानें त्याचें कापड करून १६,००० रुपयांस विकलें. चारही विक्रींची बेरीज ४२,००० रुपये होते. पण देशाच्या हातीं शेवटीं काय आलें? १६,००० रुपयांचें कापड, एवढेंच. मूळचा कापूस त्या बेरजेंत चार वेळां मोजला गेला. यास्तव हिशेबनीस प्रत्येकानें स्वतः घातलेली भर तेवढीच धरतात. जिनवाल्याची भर १,०००, गिरणीची ३,०००, विणकराची ५,०००. शेतकऱ्यानें बियाणें, खत व औषध यांपायीं २,००० रुपये दिले असतील तर त्याची स्वतःची भर ५,०००, आणि ते २,००० बियाणें व खत करणारांच्या खात्यावर पडतील. ही भर म्हणजेच वर्धित मूल्य. बेरीज बरोबर १६,००० येते.

हाच हिशेब दुसऱ्या दोन वाटांनींही करतां येतो. उत्पादनांतून जी मजुरी, भाडें, व्याज व नफा लोकांच्या हातीं गेला त्यांची बेरीज करणें ही एक वाट. लोकांनीं घरखर्चास, सरकारनें राज्यकारभारास व धंदेवाल्यांनीं यंत्रसामुग्रीस जें खर्चिलें तें मिळवून, त्यांत निर्यात घालून आयात वजा करणें ही दुसरी. तिन्ही वाटांनीं एकच उत्तर यावयास हवें. व्यवहारांत तसें येत नाहीं, आणि राहिलेला फरक 'तफावत' या नांवानें पत्रकांत सरळ छापतात. आमच्या कचेरींत रोजकीर्दींत चार रुपयांचा मेळ बसेना तर कारकुनास दिवा लावून बसावें लागे. येथें कोट्यवधींची तफावत उजळ माथ्यानें छापली जाते. पण ती लपविण्यापेक्षां छापणें बरें, हें आम्ही मान्य करतों.

आपल्या देशांत हा हिशेब प्रथम नेटानें मांडला तो दादाभाई नौरोजी यांनीं. १८६७-६८ सालच्या सुमाराचे प्रांतोप्रांतींचे सरकारी अहवाल घेऊन त्यांनीं लागवडीखालील जमीन, एकरीं उतारा व बाजारभाव यांचा गुणाकार केला, त्यांत इतर उद्योगांचा माल मिळविला, आणि सुमारे १७ कोटी लोकांमागें सुमारे ३४० कोटी रुपयांचें उत्पन्न, म्हणजे माणशीं वर्षास २० रुपये, असा निष्कर्ष काढला. १८७६ सालीं मुंबईस वाचलेल्या निबंधांत तो त्यांनीं लोकांपुढें ठेवला. एवढ्यावरच ते थांबले नाहींत. तुरुंगांतील कैद्यास सरकार जें अन्नवस्त्र देतें त्याचा खर्च त्यांनीं सरकारच्याच कागदांतून काढला, आणि दाखविलें कीं देशांत पिकणारें सारें समप्रमाणांत वांटलें तरी मोकळ्या रयतेस कैद्याइतकेंही मिळावयाचें नाहीं. महसुली पत्रकें तेव्हांही पुष्कळांच्या टेबलावर होतीं. त्यांतून हा प्रश्न विचारण्याचें मात्र एकालाच सुचलें.

सरकार पक्षाकडून उत्तरें आलीं. १८८२ सालीं बेअरिंग व बार्बर यांनीं माणशीं २७ रुपये काढले. १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं ३० रुपये सांगितले. त्याच सुमारास विल्यम डिग्बी यांनीं १८ रुपयांच्या आसपासचा आकडा दिला. एकाच देशाच्या एकाच काळच्या उत्पन्नांत एवढें अंतर कां पडावें? भाव ठाऊक होते, जमीन मोजलेली होती. वाद मुख्यतः एकरीं पीक किती धरावें याचा होता. ज्यास देश सुखी दाखवावयाचा तो उतारा चढता धरी, ज्यास दुःखी दाखवावयाचा तो उतरता धरी, आणि दोघांसही खोटें पाडील असा वजनकांटा कोणापाशींच नव्हता.

पुढें डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीं १९३१-३२ सालचा हिशेब अधिक बारकाईनें केला. शेती, खाणी इत्यादिकांस उत्पादनाची वाट व नोकरी, व्यापार यांस मिळकतीची वाट अशी दोहोंची सांगड त्यांनीं घातली. त्यांच्या हिशेबीं माणशीं उत्पन्न सुमारे ६२ रुपये निघालें. स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९४९ मध्यें सरकारनें राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, आणि डॉ. राव व पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे सभासद. समितीच्या १९५४ सालच्या अंतिम अहवालाप्रमाणें १९४८-४९ सालीं देशाचें उत्पन्न ८,६५० कोटी रुपये व माणशीं सुमारे २४७ रुपये होतें, आणि त्यांतील जवळजवळ निम्मा हिस्सा एकट्या शेतीचा होता. निम्मा हिस्सा ज्या खात्याचा, त्याचें माप अंदाजपंचे असून कसें चालेल?

आतां त्या मापाकडे वळूं. गुणाकार दादाभाईंच्या वेळचाच आहे: क्षेत्र, दर हेक्टरीं उतारा व भाव. पैकीं क्षेत्राची नोंद तलाठ्याच्या पीकपाहणीनें होते. प्रत्येक गटांत कोणतें पीक, किती क्षेत्रावर, पाण्याखालीं कीं कोरडवाहू, हें गांव नमुना बारामध्यें लिहितात. सातबाऱ्याच्या उताऱ्यांतील खालचा भाग तो हाच. देशाचे आकडे वेळेवर हातीं यावेत म्हणून दर वर्षीं सुमारे एकपंचमांश गांवें निवडून त्यांची पाहणी आधीं उरकावयाची, अशीही योजना आहे. कागदोपत्रीं ही व्यवस्था उत्तम. प्रत्यक्षांत, चार-पांच गांवें एका तलाठ्याकडे, त्यांत निवडणूक, दाखले आणि पंचनामे. मग बांधावर न जातां गेल्या सालचेंच पीक यंदाच्या रकान्यांत उतरविल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत पुष्कळ आलीं. ऊस तुटून दोन वर्षें झालीं तरी कागदावर तो डोलत असे. महाराष्ट्रांत ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्यानें स्वतःच मोबाईलवरून पिकाचा फोटो घेऊन नोंद करावयाची असें ठरलें. जो नोंद करीत नाहीं त्याचें सोयाबीन देशाच्या हिशेबांत कमी पडण्याचा संभव, आणि विक्रीच्या वा मदतीच्या वेळीं तोच शेतकरी अडतो.

उताऱ्याची गोष्ट याहून बिकट. पूर्वीं तो नजरेनें ठरे. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदा किती आणे आलें तें गांवकामगार व वरचे अंमलदार सांगत. हीच आणेवारी, आणि दशमान नाणें आल्यावर तीच पैसेवारी. पन्नास पैशांच्या आंत पैसेवारी आली म्हणजे टंचाईच्या सवलती, असा तिचा संबंध पुष्कळ वर्षें होता. आतां शेतकऱ्याचा स्वभाव असा कीं पीक कितीही डोलत असलें तरी 'यंदा सोळा आणे' असें तो तोंडानें म्हणावयाचा नाहीं. दृष्ट लागेल हें भय, सारा वाढेल हें त्याहून मोठें भय. अंमलदारही मधला आकडा लिहून मोकळा होई, कारण मधल्या आकड्यास कोणी जाब विचारीत नाहीं. त्यामुळें चांगल्या सालचें पीक कागदावर कमी दिसे आणि वाईट सालचें कित्येकदां जास्त.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळानें धान्याच्या आकड्यांचें खरें मोल सरकारास कळलें. त्या दशकांत कृषि संशोधन परिषदेंत काम करणाऱ्या दोघां मराठी गृहस्थांनीं हें माप नजरेवरून काट्यावर आणलें. एक, सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, दुसरे डॉ. विनायक गोविंद पानसे. चिठ्ठी टाकल्याप्रमाणें गांव निवडावें, तसेंच शेत निवडावें, शेतांतील जागाही तशीच निवडावी, आणि तेवढ्या तुकड्यांतील पीक कापून, मळून, वजन करावें, अशी ही पीक कापणी प्रयोगाची पद्धति. माणसाच्या मर्जीस तींत कोठेंही जागा ठेवलेली नाहीं, हें तिचें सामर्थ्य.

याच वेळीं सुखात्मे व महालनोबिस यांच्यांत एक वाद झाला. महालनोबिस बंगालमध्यें अगदीं लहान तुकडे कापून पुष्कळ ठिकाणचा अंदाज घेत असत. सुखात्मे यांनीं प्रत्यक्ष कापणीनें दाखविलें कीं तुकडा फार लहान असला तर उतारा खऱ्याहून जास्त निघतो. कारण मोठें मौजेचें आहे. दोरीच्या रेषेवर जें ताट येतें तें आंतलें कीं बाहेरचें? कापणाराचा विळा तें बहुधा आंत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानें कड मोठी, आणि तितकीं हीं ओढून घेतलेलीं ताटें जास्त. ज्यानें स्वतः कापणी केली आहे त्यास हें निराळें समजावून सांगावयास नको.

म्हणून आज बहुतेक पिकांस पांच मीटर लांब व पांच मीटर रुंद असा चौकोन आंखतात. कांहीं पिकांस व कांहीं प्रांतांत तो याहून निराळा असतो. आंकड्यांच्या कोष्टकावरून शेताचा गट निघतो, शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून किती पावलें लांबीस व किती रुंदीस जावयाचें तेंही कोष्टकच सांगतें. तेथें खुंट्या मारावयाच्या, दोरी ताणावयाची, आंतलें पीक कापून त्याच दिवशीं मळून तोलावयाचें, व वाळल्यावर घट किती येते तेंही पाहावयाचें. चौकोनाचें क्षेत्र पंचवीस चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टरचा चारशेंवा भाग. येथें एक किलो दाणा इकडचा तिकडे झाला तर हेक्टरीं चार क्विंटलांचा फरक पडतो. शंभर ग्रॅम, म्हणजे ओंजळभर दाणे, मातींत सांडले तर हेक्टरीं चाळीस किलो गेले. आणि तो आकडा पुढें हजारों हेक्टरांनीं गुणला जावयाचा असतो.

१९१६ नव्हे, २०१६ सालची गोष्ट आम्ही आतां सांगतों, कारण या चौकोनास दुसराही एक धनी आहे. त्या सालीं प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली, आणि तींत मंडळाचा उतारा ठरविण्यासाठीं कापणी प्रयोगांचा आधार घेण्यांत येतो. उतारा कमी निघाला तर गांवास भरपाई. जास्त निघाला तर कंपनीचे पैसे वांचले. साहजिकच खुंट्या मारण्याच्या वेळीं गर्दी जमूं लागली. 'भाऊसाहेब, तिकडे पातळ आहे तेथें मारा,' असें एकजण म्हणतो, तर कंपनीचा माणूस दाट पिकाकडे बोट दाखवितो. दोघांचाही आग्रह आम्ही ऐकलेला आहे. आमचें मत असें कीं कोष्टकानें दाखविलेल्या जागेवरून खुंटी एक पाऊलही हलूं देऊं नये. शेतकऱ्यानें तर मुळींच नाहीं. पातळ जागीं खुंटी मारून एका सालीं भरपाई मिळेलही, परंतु विम्याचा उंबरठा मागील सालांच्या सरासरीवरून ठरतो. सरासरी खालीं आली म्हणजे पुढें खरोखरीच पीक बुडेल त्या सालीं भरपाई तितकीच आंखडेल. याउलट, कोणी दाट जागेकडे ओढीत असेल तर तेथें हजर असलेल्या गांवकऱ्यांनीं पंचनाम्यावर सही करण्यापूर्वीं तसें लिहून घ्यावें.

राहिला भाव. हिशेबांत धरतात तो किरकोळ दुकानांतील भाव नव्हे, तर सुगीच्या दिवसांत उत्पादकास जवळच्या बाजारांत मिळालेला घाऊक भाव. पुढें दुकानापर्यंत जी किंमत वाढते ती वाहतूक व व्यापार यांच्या सदरीं जाते. घरीं खाण्यास ठेवलेली ज्वारी विकली नाहीं तरी मोजतात, दूध मोजतात, शेण खत वा गोवरी म्हणून वापरलें तर तेंही मोजतात. त्यांतून बियाणें (घरचें असलें तरी), खत, वीज, डिझेल, औषध व जनावरांचें खाद्य वजा होतें. मजुरी मात्र वजा होत नाहीं. यावर एका सभासदांनीं हरकत घेतली कीं आमचा सर्वांत मोठा खर्च तर मजुरीचाच. खरें आहे; पण शेतकऱ्याचा तो खर्च मजुराची कमाई आहे, आणि दोघेही एकाच देशाचे. राष्ट्राच्या खात्यावर ती कमाईच पडते. शेतकऱ्याचा नफातोटा व शेतीचें राष्ट्रीय उत्पादन हीं दोन निरनिराळीं खातीं होत.

दोहोंतील अंतर किंमतींच्या हिशेबांत फारच स्पष्ट दिसतें. समजा, एकाचा कांदा गेल्या सालीं १०० क्विंटल झाला व २,००० रुपये भावानें गेला. रक्कम २,००,००० रुपये. यंदा कांदा १६० क्विंटल झाला, पण भाव १,००० रुपये, रक्कम १,६०,०००. चालू किंमतींनीं त्याचें उत्पादन वीस टक्क्यांनीं घटलें. परंतु वाढ मोजावयाची ती स्थिर किंमतींनीं, म्हणजे दोन्ही सालांचा माल एकाच सालच्या भावानें धरून. नाहीं तर नुसत्या महागाईनें देश श्रीमंत झालेला दिसेल. त्या रीतीनें यंदाचा कांदा ३,२०,००० रुपयांचा ठरतो आणि वाढ साठ टक्के होते. वर्तमानपत्र साठ टक्के वाढ छापतें, आणि शेतकऱ्याच्या खिशांत ४०,००० रुपये कमी असतात. दोघेही खोटें बोलत नाहींत. ज्या सालचे भाव धरतात त्यास पायाभूत वर्ष म्हणतात, व तें वेळोवेळीं बदलतात. उदाहरणार्थ जानेवारी २०१५ मध्यें २००४-०५ सोडून २०११-१२ हें पायाभूत वर्ष धरण्यांत आलें. वाढीचा आकडा वाचतांना तो चालू किंमतींचा कीं स्थिर किंमतींचा, एवढें तरी पाहून घ्यावें.

माणशीं उत्पन्नाच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट झांकली जाते. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील काम करणारांपैकीं ५४.६ टक्के लोक शेतकरी वा शेतमजूर होते. २०११-१२ सालीं शेती, वनें व मासेमारी मिळून देशाच्या वर्धित मूल्यांतील हिस्सा मात्र सुमारे १८ टक्के होता. शंभर माणसें व शंभर रुपये धरले तर पंचावन्न माणसांत अठरा रुपये, आणि उरलेल्या पंचेचाळीस माणसांत ब्याऐंशी. शेतींतील माणसास सुमारे तेहतीस पैसे, बाहेरच्यास पावणेदोन रुपयांहून जास्त. १९४८-४९ सालीं शेतीचा हिस्सा जवळजवळ निम्मा होता हें वर आलेंच आहे. हिस्सा घटला तितकीं माणसें शेतींतून बाहेर पडलीं नाहींत. सरासरीनें माणशीं उत्पन्न काढलें कीं हे दोन्ही ढीग एकत्र होतात.

कांहीं गोष्टी तर कोणत्याच ढिगांत पडत नाहींत. खाणावळींत भाकऱ्या भाजणाऱ्या बाईची मजुरी राष्ट्रीय उत्पन्नांत येते. तीच बाई घरीं भाजते तेव्हां येत नाहीं. २०१९ सालीं सरकारनें लोकांच्या वेळेची पाहणी केली, तींत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें व पुरुष ९७ मिनिटें घालवितात असें आढळलें. एवढे श्रम हिशेबाबाहेर राहतात. १९३४ सालीं अमेरिकेच्या सिनेटपुढें त्या देशाच्या उत्पन्नाचा हिशेब ठेवणारे सायमन कुझनेट्स यांनीं त्याच अहवालांत बजावलें होतें कीं अशा आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचें अनुमान काढूं नये. हा इशारा आकडा वापरणारांस मानवला नाहीं असें दिसतें.

दुसरी न मोजली जाणारी गोष्ट विहिरींतील पाणी. बोअर खोल नेला तर त्याचा खर्च, नवी मोटार घेतली तर तिची किंमत, त्या पाण्यावर आलेली द्राक्षें, सारें उत्पादनांत जमा होतें. मोटारीची झीज घसाऱ्यांत वजा होते. भूगर्भांतील पाण्याची पातळी खालीं गेली तर कोठेंच कांहीं वजा होत नाहीं. मार्च २०२५ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानें राष्ट्रीय हिशेबांची नवी पद्धति मान्य केली, तींत नैसर्गिक संपत्तीचा क्षय हा उत्पादनाचा खर्च धरावा असें सांगितलें आहे. महाराष्ट्रांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजून लिहून ठेवते. या नोंदी तालुक्यागणिक उपलब्ध आहेत.